वन्सं आणि गळका बंब

आमच्या वन्संच्या उंबऱ्याच्या आत आजवर एकही मिस्त्री आलेला नाही, आणि चुकून आलाच असता तर त्यालाही त्यांनी खोलून, साफ करून, तेलपाणी देऊन परत पाठवलं असतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दौंड तालुक्यात, केडगावला दिलेली. साठी ओलांडली आहे, अंगानं काटकुळ्या, आणि चालताना नेहमी थोड्या पुढे झुकलेल्या. जणू समोर कुठंतरी काहीतरी खडखडतंय आणि आपल्याला तिथं वेळेवर पोचायचंय. इतर बायकांच्या पर्समध्ये जे असतं त्यातलं वन्संच्या पर्समध्ये काहीही नसतं. तिथं पक्कड असते, लहानमोठे स्क्रू ड्रायव्हर असतात, टेस्टर, काळी चिकटपट्टी, नळाला गुंडाळायची पांढरी टेप, हरतऱ्हेचे वायसर, आणि तळाशी या सगळ्यांच्या सहवासानं कंटाळलेल्या काही लिमलेटच्या गोळ्या. भेटेल त्या लहान मुलाला त्या एक गोळी देतात. गोळीला ग्रीसची चव असते, पण मुलं तक्रार करत नाहीत, कारण गोळीबरोबर थोडा वेळ टेस्टर हातात धरायला मिळतो.

एकदा नात्यातल्या एका लग्नात आम्ही मुलीकडचे होतो. मांडवात एक भलामोठा उभा पंखा होता आणि तो मान न फिरवता मुलाकडच्यांच्याच बाजूला तोंड करून बसला होता. मंगलाष्टकं सुरू झाली. आमची बाजू घामानं निथळत होती. वन्संनी आपल्या मुठीतल्या अक्षता माझ्या हातात ओतल्या, "धर गं जरा" म्हणाल्या, आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. शेवटच्या मंगलाष्टकाला पंख्यानं एकदम मान वळवली आणि आमच्याकडे पूर्ण जोरात वारा सोडून तो तिथंच अडकला. आम्ही नवरानवरीवर टाकलेल्या सगळ्या अक्षता उलट येऊन आमच्याच डोक्यावर पडल्या. नंतर कुणीतरी हे बोलून दाखवलं तर वन्सं म्हणाल्या, "वारा आला का न्हाई? मग!"

यंत्रांशी त्या बोलतात. माझा मिक्सर बिघडला तेव्हा त्यांनी त्याला आधी कान लावला. "घसा बसलाय ह्याचा," असं निदान करून त्यांनी त्याचं पोट, आतडी सगळं वर्तमानपत्रावर मांडलं, आणि "काय झालं रं तुला, कुणी तरास दिला?" असं विचारताना माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खाली मान घातली. मिक्सर सुरू झाला. पहिलं आणि दुसरं बटण मात्र कायमचं गेलं. "तिसऱ्यावरच तर वाटण होतं," वन्सं म्हणाल्या, "पहिली दोन उगं शोभेची असत्यात." दुरुस्ती संपल्यावर वर्तमानपत्रावर चारसहा स्क्रू हमखास उरतात. त्याचंही त्यांना काही वाटत नाही. कंपनीवाले भित्रे असतात, म्हणून लागतात त्यापेक्षा जास्त स्क्रू घालतात, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री लोकांवर त्यांचा राग का, हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री येतो, च्या पितो, आन् म्हणतो, नवं घ्या. एवढं तर मला बी म्हणता येतंय." त्यांचे यजमान, आमचे दाजी, फार शांत गृहस्थ आहेत. ते रेडिओ अगदी लहान आवाजात ऐकतात. मधेच खरखर झाली तर ती बायकोच्या कानापर्यंत जाऊ नये म्हणून.

तर या वन्संना मी फोनवर सहज सांगून बसले की आपला बंब गळायला लागलाय.

आम्ही शिक्रापूरला राहतो. घर हमरस्त्याच्या अंगाला, पुढं ट्रकांची रांग, मागं भाड्यानं दिलेल्या खोल्या, त्यात कंपन्यांमधून काम करणारी, लांबून आलेली माणसं. गच्चीवर सोलर आहे. पण आभाळ भरून आलं की सोलरचं पाणी नुसतं कोमट येतं, आणि मग मागच्या अंगणातला बंब पेटवावा लागतो. माझ्या कमरेएवढा उंच, तांब्याचा, मधोमध धुराडं, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. धुराड्यात लाकडं घालायची, भोवतीच्या पोटात पाणी तापतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो आणला होता. आता तोटी जिथं बंबाच्या अंगात शिरते तिथून पाणी झिरपायला लागलं होतं. आधी थेंब थेंब, मग अखंड धार. अर्धं पाणी जाळीखालच्या निखाऱ्यांवर पडायचं आणि अंगणात आंघोळीपेक्षा वाफच जास्त व्हायची.

आमचे हे सणसवाडीला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांना बिघडलेली वस्तू दिसली की ती लगेच डोळ्यांसमोरून जायला हवी असते. "दिवाळीच्या आत मोडीत देऊन टाकू," ते म्हणाले, "भंगारवाला कूलर न्यायला येणारच आहे, त्याच टेम्पोत जाईल." मी हेही फोनवर वन्संना सांगितलं.

"काय म्हणाला बारक्या?" वन्संनी विचारलं. पन्नाशीतल्या सुपरवायझरला बारक्या म्हणणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलंय.

"मोडीत देऊ म्हणतात."

"कवा येणार टेम्पो?"

"उद्या संध्याकाळच्याला."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा सकाळचा चहा संपायच्या आत वन्सं दारात. चौफुल्यावरून न्हावऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून तळेगाव ढमढेऱ्यावरून दुसरी, असं करत आल्या होत्या. खांद्याला पर्स, आणि हातात पोत्यात गुंडाळलेला एक लांबलचक पाना. कंडक्टरनं त्याचं तिकीट कसं मागितलं नाही कोण जाणे. घरात न येता त्या बाहेरच्या बोळातून थेट मागच्या अंगणात गेल्या. आम्ही मागोमाग. बंबापुढं त्या उकिडव्या बसल्या, त्याच्या पोटावर बोटानं टकटक केलं, तोटीखाली तळवा धरला.

"आक्का, जुना झाला त्यो," हे म्हणाले. "पत्रा झिजलाय. कुठंकुठं ठिगळ लावशील?"

"पत्रा ठणठणीत हाय. गळती ती तोटी. माणसाच्या नाकातनं पाणी आलं म्हणून त्याला कुणी मोडीत घालतं व्हय?"

"आता सोलर हाय की आपल्याकडं."

"सोलर सूर्यावर चालतो. ह्यो आपल्यावर चालतो." वन्सं उठल्या, पदर कमरेला खोचला. "हे बघ बारक्या, टेम्पो यायच्या आत गळायचा थांबला न्हाई, तर मी सोता ह्याला उचलून टेम्पोत घालीन. पुन्हा नाव काढायची न्हाई."

बहीणभावात असं ठरलं. हे कामावर जायचे ते गेलेच नाहीत. "तेवढ्यात काहीतरी फोडून ठेवेल," असं मला म्हणाले, पण खरं म्हणजे त्यांनाही बघायचं होतं.

बंब रिकामा केला. पाना तोटीच्या बुडाला लावला. तोटी हलेना. वन्संनी पान्याच्या दांड्यावर एक लोखंडी नळी चढवली आणि दोघं भावंडं त्या नळीला लोंबकळली. मी बंबाला मिठी मारून उभी, तो फिरू नये म्हणून. "दाब!" वन्सं ओरडल्या. "दाबतोयच की!" हे ओरडले. एकदम कर्रर्र आवाज झाला, तोटी फिरली, हे मातीत बसले आणि वन्सं त्यांच्या मांडीवर. दोघंही हसायला लागले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना असं आडवं होऊन हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तोटी बाहेर आली. तिच्या आट्यांमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि कसलातरी काळा कचरा घट्ट बसलेला. वन्संनी तो सगळा खरवडून कपडे धुवायच्या दगडावर टाकला. मग चिंच आणि मीठ लावून आटे असे घासले की पितळ नवंकोरं दिसायला लागलं. पांढरी टेप गुंडाळली, तोटी आवळली, बंब भरला. एक थेंब नाही! वन्सं कमरेवर हात ठेवून अशा उभ्या राहिल्या की त्यांचा फोटो काढावा. "पेटव गं," म्हणाल्या. मी लाकडं घातली. जाळ धरला, पाणी तापायला लागलं, आणि तोटीच्या बुडाशी हळूच एक थेंब आला. त्याच्या मागून दुसरा. मग धार.

आटे झिजलेले होते. घासल्यावर तोटी आणखीच सैल झाली होती आणि टेपेनं ती फट भरेना. वन्संनी जाळ विझवला, गरम पाणी काढून टाकायचं म्हणून भाडेकरूंना हाका मारल्या आणि सगळ्यांच्या बादल्या भरून दिल्या. ह्यांनी कुठूनतरी सायकलची जुनी ट्यूब काढून दिली. न मागता दिली, हे मी लक्षात ठेवलं. तिचा गोल कापून वन्संनी जाड वायसर बनवला. पुन्हा आवळलं, पुन्हा भरलं, पुन्हा पेटवलं. या खेपेला पाणी अगदी उकळीला येईपर्यंत सगळं कोरडं होतं. मग रबर मऊ पडलं आणि तोटीच्या बाजूनं एक बारीक, सरळ, सुईसारखी पिचकारी निघाली ती थेट ह्यांच्या हातातल्या वर्तमानपत्रातून आरपार गेली. भाडेकरूंपैकी एकजण दुसऱ्या आंघोळीसाठी बादली घेऊन उभा होता. तो मागं उडी मारून ओरडला, "अम्मा, छोड़ दीजिए, फट जाएगा!"

"फटता कशाला?" वन्सं गरजल्या. "बम हाय का त्यो? बंब हाय!"

त्या दिवशी मागच्या खोल्यांमधली सगळी माणसं दोनदोनदा न्हाली. इतकी स्वच्छ माणसं आमच्या अंगणात पुन्हा कधी दिसली नाहीत.

दुपार कलली. मी जेवायला बोलावलं तर वन्सं उठल्या नाहीत. हेही बसून राहिले. बंब रिकामा, तोटी वन्संच्या मांडीवर. त्यांचा चेहरा मी कधी इतका उतरलेला पाहिला नव्हता. एखादं यंत्र त्यांना नाही म्हणालं, असं आजवर झालंच नव्हतं. बाहेर हॉर्न वाजला की तिघांच्याही माना वळायच्या. टेम्पो नव्हे, ट्रक असायचा.

"आक्का, ऱ्हाऊ दे," हे हळूच म्हणाले.

"तवा कसा गळत नव्हता?" वन्सं स्वतःशीच बोलत होत्या. "टेप नव्हती, ट्यूब नव्हती. इतकी वर्षं कसा न्हाई गळला?"

बोलता बोलता त्यांची नजर धुण्याच्या दगडावर गेली. सकाळी खरवडून टाकलेला तो काळा कचरा तिथंच वाळला होता. वन्संनी त्यातलं थोडं उचललं, दोन बोटांत चोळलं. त्याचा भुगा होईना. त्याचे तंतू निघायला लागले. त्यांनी बंबाच्या राखेतला एक निखारा फुंकून लाल केला आणि त्याला ते तंतू टेकवले. जळक्या केसांचा उग्र वास सुटला.

वन्संनी तो हात भावाच्या नाकापुढं धरला. हे एकदम मागं सरले आणि मग पुन्हा वाकले.

"लोकर," ते म्हणाले.

"आबानं भरली व्हती," वन्सं म्हणाल्या. "आन् म्या ती कचरा म्हणून टाकली."

हे उठले. आत गेले. माळ्यावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला, शिंका ऐकू आल्या, आणि मग ते आबांची घोंगडी घेऊन बाहेर आले. जाड, काळी, खरबरीत, कडेला दशा सुटलेल्या. त्यांनी ती वन्संच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतःच एक दशी ओढून सोडवायला लागले. वन्संनी धागा तेलात बुडवला, पिळला, आट्यांमध्ये घट्ट गुंडाळत गेल्या. हे तोटी धरून हळूहळू फिरवत होते. "वढ," वन्सं म्हणायच्या. "सोड जरा. आता वढ." दोघांनी मिळून तोटी बंबात बसवली. पाना लावला. नळीला लोंबकळायची गरज पडली नाही. लोकर दाबली गेली आणि तोटी आपल्या जागी अशी बसली की पुढं हलायला तयार नव्हती.

बंब भरून जाळ घातला, आणि तेवढ्यात टेम्पो आला.

भंगारवाला काटा घेऊन अंगणात उतरला तो आम्ही सगळे बंबाभोवती उकिडवे बसलेले. तोटीच्या बुडाशी एक थेंब जमला होता. "कूलर कुठला?" त्यानं विचारलं. सगळ्यांच्या नजरा त्या थेंबावर. तो वाकला, आमच्या नजरेची दिशा बघितली आणि आमच्यातच उकिडवा बसला. थेंब फुगला. लोंबला. पडला. खालच्या निखाऱ्यावर चुर्र झालं. वन्संनी डोळे मिटले. दुसरा थेंब जमायला लागला. पाणी आता आतून गुणगुणत होतं, तांबं गरम होत होतं. हा थेंब फुगता फुगता थांबला. तिथंच राहिला. मग पडायच्याऐवजी बारीक होत गेला आणि गरम पितळेवर वाळून गेला. त्याच्या मागून तिसरा आला नाही. गरम पाण्यानं लोकर फुगली होती, गच्च झाली होती. आम्ही वाट पाहिली. उकळी फुटली, झाकण थडथडायला लागलं. तोटीचं बूड कोरडं.

"आलाच न्हाई की!" आधी ओरडला तो भंगारवाला. मग भाडेकरूंनी बादल्या वाजवल्या, ह्यांनी वन्संच्या पाठीत असा धपाटा घातला की त्या खोकायलाच लागल्या, आणि मी, काय करावं ते न कळून, गरम बंबालाच हात लावून बसले आणि भाजून घेतला. भंगारवाला जरा वेळानं भानावर आला. कूलरकडं निघाला. वन्संनी विचारलं, "कूलरला काय झालंय?" कूलरही हातचा गेला, हे त्यानं ओळखलं. "आन् तुमच्या टेम्पोचा हॉर्न बसलाय वाटतं," वन्सं पर्स उघडत म्हणाल्या, तेव्हा तर तो कूलर तसाच ठेवून निघून गेला.

"पहिलं पाणी आक्काचं," हे म्हणाले. स्वतः बादली भरली, स्वतः न्हाणीत नेऊन ठेवली. वन्सं नको म्हणाल्या नाहीत. आत बराच वेळ नुसता तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता. मग त्या केस पुसत बाहेर आल्या आणि अंगणातल्या पायरीवर बसल्या. हातात पाना नाही, पक्कड नाही. मी चहा दिला तर कप दोन्ही हातांनी धरून बसल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "आम्ही ल्हानपणी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो. आई वढ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायची. पहाटंचं. दातावर दात वाजायचे. आबा म्हणायचा, आपलं एका जागी घर झालं की तुला कढत पाण्यानं न्हाऊ घालीन. मग हिरीला पाणी लागलं, मेंढरं इकली, घर बांधलं, आन् घरात भांड्याच्या आधी ह्यो बंब आला. पर तवर माझं लगीन ठरलं व्हतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एकच हिवाळा गावला मला त्याच्या पाण्याचा."

हे पाठमोरे उभे होते. जाळात एक लाकूड सारायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

बंब अजून अंगणात आहे. सोलर आहे तरी हे रोज सकाळी तो पेटवतात. वन्संचा फोन येतो, "गळत न्हाई ना?" मी म्हणते, नाही. "बरं झालं," त्या म्हणतात, पण त्या 'बरं'मध्ये बरं वाटल्याची खूण काही सापडत नाही. मग कधीमधी मीच फोन करते आणि म्हणते, "वन्सं, तोटीपाशी जरा ओल दिसतीय, या की बघायला." त्या येतात. तोटीखाली तळवा धरतात. तळवा कोरडाच असतो, ते त्यांना कळतं, मला कळतं. तरीही "खोलून बघू या एकदा," त्या म्हणतात आणि तोटीच्या मुठीचा स्क्रू सोडवायला पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढतात. हल्ली त्यांना स्क्रूची खाच नीट दिसत नाही. टोक इकडंतिकडं घसरतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवते, टोक खाचेत बसवून देते, आणि हात काढून घेते. मग त्या फिरवतात.